मिटवणारा हातमोजा आणि न उघडणारी मूठ

पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णाच्या बाधित हातात पेला दिला, तर तो पुष्कळदा धरला जातो. खरी पंचाईत तो खाली ठेवताना होते. बोटे पेल्याभोवती आवळलेलीच राहतात, रुग्ण सोडण्याचा प्रयत्न करतो तसतशी ती अधिकच घट्ट होतात आणि शेवटी दुसऱ्या हाताने एकेक बोट उलगडून पेला सोडवावा लागतो. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना हे चित्र वर्णन करून सांगण्याची गरज नाही. असे असूनही, हाताच्या पुनर्वसनासाठी अलीकडे जे मऊ, पाण्याच्या किंवा हवेच्या दाबावर चालणारे रोबोटिक हातमोजे तयार झाले, त्यांपैकी बऱ्याच चर्चिल्या गेलेल्या एका हातमोज्याची सुरुवात नेमकी उलट बाजूने झाली होती: मिटू न शकणारा हात मिटवून देण्यासाठी.

प्रस्तुत अभ्यास त्या एका हातमोज्याचा आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची विस इन्स्टिट्यूट 2009 मध्ये सुरू झाली. सजीवांच्या रचनेतून अभियांत्रिकीने काय उचलावे, हा या संस्थेचा विषय. तेथे कॉनर वॉल्श यांच्या प्रयोगशाळेत अंगावर घालता येणाऱ्या मऊ यंत्रांवर काम चालते. चालताना पायाच्या घोट्याला आधार देणारी त्यांची यंत्रणा पुढे रीवॉक या कंपनीकडे गेली आणि 2019 मध्ये ‘रीस्टोर’ या नावाने तिला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली, तीही पक्षाघाताच्या रुग्णांच्या चालण्याच्या सरावासाठीच. हाताचे काम इतक्या सरळ वाटेने गेले नाही. हाताची रचना पायापेक्षा गुंतागुंतीची आहे हे त्याचे एक कारण झाले. पण माझ्या मते त्याहून मोठे कारण पक्षाघात हाताचे नेमके काय करतो यात आहे, आणि या लेखाचा रोख तिकडेच आहे.

पाण्यावर वाकणारी बोटे

पानायोटिस पॉलिगेरिनोस, वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये एका शोधनिबंधात हा हातमोजा सविस्तर मांडला. त्यापूर्वी हाताच्या पुनर्वसनासाठी जी यंत्रे होती, ती बहुतांशी धातूच्या किंवा कडक प्लास्टिकच्या सांगाड्यांची होती. सांगाड्याची मूळ अडचण अशी, की त्याचा प्रत्येक सांधा बोटाच्या सांध्याच्या अगदी रेषेत बसावा लागतो. बोटाचा सांधा मात्र दाराच्या बिजागरीसारखा एकाच अक्षाभोवती फिरत नाही; वाकताना त्याचा अक्ष किंचित सरकतो. शिवाय प्रत्येकाच्या बोटांची लांबी निराळी. रेषा थोडी जरी चुकली, तरी यंत्राचा जोर बोट वाकवण्याऐवजी सांध्याला तिरपा दाबण्यात खर्ची पडतो, आणि ज्या रुग्णाची त्या हाताची संवेदनाच कमी झालेली आहे, त्याला हे टोचणे वेळेवर कळतेच असे नाही.

हार्वर्डच्या गटाने सांधेच काढून टाकले. प्रत्येक बोटाच्या मागच्या बाजूवर त्यांनी सिलिकॉन रबराची एक बंद नळी बसवली. नळीचा काप अर्धवर्तुळाकार; सपाट बाजू बोटाकडे, गोल बाजू वर. सपाट बाजूला न ताणले जाणारे कापड चिकटवलेले आणि संपूर्ण नळीभोवती केव्हलर या अतिशय मजबूत कृत्रिम तंतूचा बारीक दोरा दोन्ही दिशांनी मळसूत्रासारखा गुंडाळलेला. अशा नळीत दाबाने पाणी भरले, की दोऱ्यामुळे ती फुग्यासारखी जाडीत फुगू शकत नाही. तिला लांबीतच वाढावे लागते. खालची बाजू ताणली जात नसल्याने वाढते ती फक्त वरची बाजू, आणि परिणामी नळी खालच्या अंगाला वाकते. दोऱ्याचा कोन आणि कापडाची जागा बदलून नळीचा कोणता भाग वाकेल, कोणता नुसता लांबेल आणि कोणता पिळला जाईल, हे बनवतानाच ठरवता येते. अंगठ्याच्या हालचालीत वाकणे, लांबणे आणि पिळणे ही तिन्ही एकत्र येत असल्यामुळे त्याच्या नळीसाठी ही सोय विशेष उपयोगाची होती. आपण मूठ वळतो तेव्हा बोटांच्या मागची त्वचा पेरांवर ताणली जाते. ही नळीही त्याच जागी, तशीच लांबत जाते. बोटाच्या सांध्याची रेषा शोधण्याचा प्रश्नच उरत नाही.

हातावरच्या भागाचे वजन सुमारे 285 ग्रॅम होते, आणि पाणी, पंप, झडपा, बॅटरी व नियंत्रण असे बाकी सारे ओझे तीन किलोंहून थोड्या अधिक वजनाच्या कमरपट्ट्यात होते. तळहात मोकळा ठेवला होता, म्हणजे वस्तूचा स्पर्श मध्ये काही न येता त्वचेला मिळत राहील. ही शेवटची गोष्ट वाचताना किरकोळ वाटते. पण पुनर्वसनात स्पर्श हा हालचालीइतकाच महत्त्वाचा निरोप मेंदूकडे नेतो, आणि तळहात झाकणाऱ्या यंत्रांनी तो निरोपच अडवलेला असतो. त्या वेळी हा हातमोजा ज्यांच्यासाठी आहे असे सांगितले गेले, त्यांत स्नायुक्षयाचे रुग्ण, मज्जारज्जूला अंशतः इजा झालेले रुग्ण, हालचालीच्या चेतापेशी झिजवणाऱ्या एएलएस या आजाराचे रुग्ण आणि हाताची पकड गमावलेले इतर लोक होते. या यादीतील पहिल्या तीन गटांत हात प्रामुख्याने दुबळा, सैल असतो. बोटे मिटवणारा जोर बाहेरून दिला आणि नंतर दाब सोडला, की रबर आपल्या लवचिकतेने सरळ होते आणि त्याच्याबरोबर सैल बोटही सरळ होते. उघडण्यासाठी वेगळी सोय करण्याची निकड तेथे नव्हती.

या विचाराची परंपराही जुनी आहे. लॉस अलामोस या अमेरिकेच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ मॅककिबेन, ज्यांनी 1945 च्या पहिल्या अणुचाचणीत वेळेच्या यंत्रणेचे काम पाहिले होते, त्यांच्या लहान मुलीला 1950 च्या दशकात पोलिओ झाला. तिची बोटे चालेनात, म्हणून त्यांनी जाळीदार विणीच्या आवरणात रबरी नळी घालून हवेवर आखडणारा एक कृत्रिम स्नायू तिच्या हाताच्या पट्टीला जोडला. हवा भरली की जाळी जाडीत फुगते, लांबीत आखडते आणि बोटे अंगठ्याशी मिटतात. मॅककिबेन स्नायू म्हणून तो आजही प्रयोगशाळांतून वापरला जातो. पोलिओचा हातही सैलच. स्टॉकहोममधील बायोसर्वो कंपनीचा, कृत्रिम दोऱ्यांनी बोटे ओढणारा हातमोजाही पकडीला जोर देण्यासाठीच आहे. मऊ यंत्रांच्या या घराण्यात हात म्हटला की तो मिटवायचा, हे जणू ठरूनच गेले होते.

मूठ का उघडत नाही

पक्षाघाताचा हात सुरुवातीचे काही दिवस सैल असतो, हे खरे. पण पुढील आठवड्यांत अनेक रुग्णांत चित्र पालटते. बोटे मिटवणारे स्नायू आणि ती उघडणारे स्नायू हे दोन्ही कोपर ते मनगट या भागात असतात. मेंदूतून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या मुख्य मार्गाला इजा झाली, की दोघांनाही मिळणारी आज्ञा क्षीण होते. तथापि हे नुकसान दोघांच्या वाट्याला सारखे येत नाही. उघडणाऱ्या स्नायूंचा दुबळेपणा सामान्यतः अधिक जाणवतो, आणि मिटवणाऱ्या स्नायूंमध्ये मात्र ताठरपणा वाढत जातो. त्यातच रुग्ण बोटे उघडण्याचा जोरकस प्रयत्न करू लागला, की दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळले जातात. उघडण्याची आज्ञा जाते आणि मूठ घट्ट होते. रुग्णाला ‘अजून जोर लावा’ असे घरचे प्रेमाने सांगतात, तेव्हा ते नकळत त्याच्या मुठीला कुलूप लावत असतात.

ताठरपणाचा आणखी एक गुण यंत्र बनवणाऱ्याने पक्का लक्षात ठेवला पाहिजे: तो वेगावर अवलंबून असतो. बोट सावकाश उलगडले तर ते येते. झटक्याने ओढले तर स्नायूची प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते आणि ते उलट आवळते. अनुभवी थेरपिस्टचा हात हे गणित न मोजता पाळतो. शिवाय 2009 च्या एका अभ्यासात असे दिसले होते, की पक्षाघातानंतर पकड सुरू व्हायला उशीर लागतो आणि ती सुटायलाही उशीर लागतो. म्हणजे रुग्णाने ‘सोड’ असे मनात म्हटल्यानंतर स्नायू शांत होण्यास जो अवकाश लागतो, तोवर यंत्राने थांबायला हवे. दाब सोडला की बोट आपोआप सरळ होईल, या गृहीतकावर उभा असलेला रबरी हातमोजा येथे अपुरा पडतो, कारण रबराची लवचिकता ताठर स्नायूपुढे काहीच नाही.

बोटे उघडणे ही पुनर्वसनात अनेक हालचालींपैकी एक हालचाल आहे असे समजणे चुकीचे ठरेल. नेदरलँड्समधील 188 रुग्णांच्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. पक्षाघातानंतर दुसऱ्या दिवशी ज्या रुग्णांना बोटे थोडी तरी उघडता येत होती आणि खांद्यातून हात बाजूला नेता येत होता, त्यांना सहा महिन्यांनी हाताचे काही कौशल्य परत मिळण्याची शक्यता 98 टक्के होती. ज्यांना या दोन्ही हालचाली येत नव्हत्या, त्यांच्यात ती 25 टक्के होती. पलंगाशेजारी उभे राहून, कोणतेही यंत्र न लावता करता येणारी ही तपासणी आहे. मिटण्याच्या ताकदीऐवजी उघडण्याची खूण भविष्याबद्दल इतके सांगून जाते, यावरून मेंदूतून हाताकडे जाणारा मार्ग किती शाबूत आहे हे त्या एका हालचालीत किती स्पष्ट उतरते, याची कल्पना येते.

या हालचालीवर उपचाराचे दारही अवलंबून आहे. चांगला हात बांधून ठेवून बाधित हाताकडून काम करवून घेण्याची, एडवर्ड टाऊब यांच्या संशोधनातून आलेली पद्धत हाताच्या पुनर्वसनात सर्वाधिक पुराव्यावर उभी असलेल्या पद्धतींपैकी एक आहे. तिची मोठी चाचणी ‘एक्साइट’ या नावाने अमेरिकेत झाली आणि 222 रुग्णांवरील तिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. त्या चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी रुग्णाला मनगट किमान 10 अंश मागे वळवता येणे, अंगठा 10 अंश बाहेर नेता येणे आणि आणखी किमान दोन बोटे 10 अंश उघडता येणे आवश्यक होते. दहा अंश म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेत क्वचितच भरणारी हालचाल. आणि तेवढीही ज्याला जमत नाही, त्याच्यासाठी ही वाट सुरुवातीलाच बंद. ज्या रुग्णाला सरावाची सर्वात जास्त गरज आहे, त्याला वस्तू धरून सोडण्याचा सरावच करता येत नाही, कारण वस्तू हातात शिरायला हातच उघडत नाही.

हे थेरपिस्टांना कळत नव्हते असे मुळीच नाही. उत्तर कॅरोलिनातील दोन ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी काढलेल्या सेबो या कंपनीची पट्टी याच अडचणीवरचा उपाय आहे. तिच्यात मनगट योग्य कोनात धरून ठेवलेले असते आणि स्प्रिंगा बोटांना सतत उघडण्याच्या दिशेने ओढतात. रुग्णाने स्वतःच्या उरलेल्या ताकदीने मूठ मिटायची, वस्तू उचलायची आणि मग ढिले सोडायचे. उघडण्याचे काम स्प्रिंग करते. वीज नाही, संगणक नाही, पंप नाही. माझ्या दृष्टीने कोणत्याही रोबोटिक हातमोज्याची तुलना आधी या साध्या पट्टीशी व्हायला हवी, आणि ती पुरेशी होत नाही. स्प्रिंगचा दोष एवढाच, की ती मिटतानाही ओढतच राहते. ज्याची पकड मुळात दुबळी आहे, त्याची बरीचशी ताकद स्प्रिंगशी झगडण्यातच संपते. उघडताना ओढ असावी आणि मिटताना ती नाहीशी व्हावी, हे स्प्रिंगला साधत नाही. हवेला साधते, कारण हवा सोडून देता येते.

रबराकडून कापडाकडे

हार्वर्डच्या गटाच्या पुढच्या हातमोज्यात रबरी नळ्या गेल्या आणि कापड आले. पाणी गेले आणि हवा आली. लिओनार्दो कॅपेल्लो, वॉल्श आणि सहकाऱ्यांचे या कापडी रचनेवरील लेखन 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागची कल्पना समजण्यासाठी आपल्याकडचे मांजरपाट आणि बनियनचे कापड डोळ्यांसमोर आणावे. मांजरपाट हे उभ्याआडव्या धाग्यांनी विणलेले. ते सहसा ताणले जात नाही. बनियनचे कापड फासे घालून गुंफलेले. ते ताणले जाते, आणि गुंफण कशी आहे त्यावर एका दिशेने जास्त व दुसऱ्या दिशेने कमी ताणले जाते. अशी दोन वेगळ्या स्वभावांची कापडे एकमेकांना शिवून त्यांच्यामध्ये हवाबंद पातळ पिशवी ठेवली आणि हवा भरली, तर ताणले जाणारे कापड लांबते, न ताणले जाणारे तसेच राहते आणि सगळी पट्टी वाकते. रबरी नळीत जे काम केव्हलरचा दोरा करत होता, ते येथे कापडाची वीण करते.

पण या रचनेतली माझ्या मते निर्णायक गोष्ट वाकण्याची नाही. कापडाचे आणखी एक स्तर आणि आणखी एक पिशवी घातली, की त्याच पट्टीला सरळ करणारा जोर देता येतो. दुमडून ठेवलेल्या, चपट्या पिशवीत हवा भरली की ती ताठ उभी राहू पाहते, हे रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्यात ज्यांनी हात घातला आहे त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे या हातमोज्यात बोट मिटवणारी हवा वेगळी आणि उघडणारी हवा वेगळी, अशी सोय झाली. दोन्ही पिशव्या रिकाम्या असतील तेव्हा हातावर उरते ते जवळपास नुसते कापड, म्हणजे रुग्णाने स्वतः हालचाल केली तर यंत्र आड येत नाही. रबरी नळीपेक्षा दाबही कमी लागतो. तयार करायला शिवणकाम आणि उष्णतेने पिशव्या चिकटवणे पुरते, रबराचे साचे ओतावे लागत नाहीत.

असे असले तरी या कापडी हातमोज्याची 2018 ची प्रसिद्ध चाचणी पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेली नव्हती. मानेच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या 9 जणांवर ती झाली. टोरांटो येथील पुनर्वसन संस्थेची हाताच्या कार्याची चाचणी प्रत्येकाने दोनदा दिली, एकदा हातमोज्याशिवाय आणि एकदा तो घालून. रोजच्या वापरातील वस्तू हाताळण्यात चाचणीच्या कमाल गुणांच्या तुलनेत सरासरी 33 टक्क्यांहून थोडी अधिक सुधारणा झाली आणि वस्तू उचलून धरण्याचा जोरही वाढला. नऊ हा आकडा लहान आहे, पण रोजच्या वस्तू घेऊन प्रत्यक्ष माणसांवर केलेली अशी मोजणी या क्षेत्रात मोलाची आहे, कारण मऊ रोबोटिक्समधील पुष्कळसे लेखन निरोगी संशोधकाच्या हातावर हातमोजा चढवून टेनिसचा चेंडू उचलून दाखवण्यापाशीच संपते.

या निकालाचा अर्थ मात्र काळजीपूर्वक लावला पाहिजे. ही सुधारणा हातमोजा घातलेला असताना मोजलेली आहे. चष्मा घातल्यावर दिसते, काढल्यावर दिसत नाही. त्यात चष्म्याचा काही दोष नसतो, कारण तो मदत करतो, डोळा बरा करत नाही. मज्जारज्जूची इजा जुनी असलेल्या रुग्णासाठी हातमोजा असा चष्मा झाला तरी पुष्कळ झाले. पक्षाघाताच्या रुग्णाकडून आणि त्याच्या थेरपिस्टकडून मात्र वेगळा प्रश्न विचारला जातो: हातमोजा काही आठवडे वापरून काढून ठेवल्यावर उघड्या हाताला काय येते? मदत आणि उपचार हे दोन दावे एकाच यंत्राबद्दल एकाच परिच्छेदात केलेले अनेकदा वाचायला मिळतात, आणि वाचकाने तेथे थांबून यांपैकी कोणत्या दाव्याचा पुरावा समोर आहे हे तपासावे.

कळ कोणी दाबायची

उघडण्याची हवा आणि मिटण्याची हवा वेगळी झाली, म्हणजे ती कधी सोडायची हे कोणीतरी ठरवायला हवे. सर्वात सोपा मार्ग म्हणजे चांगल्या हातातील कळ. ती दाबली की मूठ उघडते, पुन्हा दाबली की मिटते. यंत्र भरवशाने चालते, पण दोन्ही हात लागणाऱ्या कामात चांगला हात कळीपाशी अडकून पडतो. अधिक आकर्षक मार्ग म्हणजे कोपर आणि मनगट यांच्यामधल्या स्नायूंतील विद्युत संकेत त्वचेवरून टिपायचे आणि रुग्णाचा हेतू त्यांतून ओळखायचा. हार्वर्डच्या गटाने 2015 मध्येच रबरी हातमोजा अशा संकेतांवर चालवून दाखवला होता. पक्षाघातात मात्र नेमकी हीच वाट खडतर होते. वर म्हटल्याप्रमाणे उघडण्याचा प्रयत्न करताना दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम पेटतात. मिटवणाऱ्या स्नायूचा संकेत मोठा, उघडणाऱ्याचा बारीक. त्या गोंगाटातून ‘उघड’ ही आज्ञा ओळखण्यात यंत्र चुकले, तर रुग्ण हात उघडण्यासाठी झटत असताना हातमोजा त्याची मूठ आवळेल. असा अनुभव दोनचार वेळा आला, की रुग्णाचा यंत्रावरचा विश्वास उडतो आणि तो परत बसवणे कठीण असते.

दुसरी अडचण मानवी स्वभावाची आहे. यंत्र सगळे काम करू लागले, की शरीर आपला प्रयत्न हळूच कमी करते. रुग्ण आळशी असतो असे नव्हे. कमीत कमी श्रमात काम उरकण्याची मज्जासंस्थेची ती सवयच आहे. पण मेंदूत नवे मार्ग घडायचे असतील तर हालचालीमागे रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न असावा लागतो. बोटे नुसती कोणीतरी हलवून दिल्याने सांधे मोकळे राहतात, कौशल्य परतत नाही. म्हणून पुनर्वसनाच्या यंत्राने गरजेपुरतीच मदत करावी, रुग्ण जितके करू लागेल तितके आपण मागे हटावे, असे या क्षेत्रात म्हटले जाते. म्हणायला हे सोपे आहे. कापडी पिशवीत किती हवा भरली यावरून बोटावर किती जोर पडला आणि त्यातील किती जोर रुग्णाचा स्वतःचा होता, हे वेगळे काढणे मऊ यंत्रात कडक सांगाड्यापेक्षा कठीण असते. मऊपणाने सुरक्षितता मिळाली, पण मोजमापातला नेमकेपणा काहीसा गेला.

किती वेळा, आणि कोठे

हातमोज्याची खरी गरज कोठे आहे, हे सरावाच्या मोजणीतून उमगते. अमेरिका आणि कॅनडातील 312 थेरपी सत्रांचे निरीक्षण 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या सत्रांत हाताच्या कार्यात्मक हालचालींचा सराव झाला, त्यांत एका सत्रात सरासरी अवघ्या 32 हालचाली झाल्या होत्या. प्राण्यांवरील प्रयोगांत मेंदूत बदल दिसण्यासाठी हीच संख्या दिवसाला शेकड्यांत होती. ही तफावत थेरपिस्टच्या निष्काळजीपणामुळे नसते. एका माणसाने रुग्णाचे मनगट धरायचे, बोटे उलगडायची, वस्तू द्यायची, पुन्हा उलगडायची. पाऊण तासात हे किती वेळा होणार? या ठिकाणी न थकणारे यंत्र उपयोगी पडावे, ही अपेक्षा रास्त आहे.

त्या अपेक्षेला 2019 मध्ये मोठा धक्का बसला. ब्रिटनमधील ‘रॅटल्स’ या चाचणीत 770 रुग्ण होते. एका गटाला अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेल्या कुळातील रोबोटांवर आठवड्याला तीन वेळा, प्रत्येकी 45 मिनिटे, 12 आठवडे सराव दिला गेला. दुसऱ्याला तितकाच वेळ थेरपिस्टकडून वाढीव उपचार. तिसऱ्याला नेहमीचे उपचार. हाताच्या कार्यक्षमतेच्या मुख्य कसोटीवर रोबोटचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. हालचालींच्या मोजमापात थोडी सुधारणा दिसली, परंतु ती रोजच्या कामांत उतरली नाही. हे रोबोट मऊ नव्हते आणि टेबलाशी बसून, पडद्यावरच्या खेळाकडे पाहत ते वापरायचे होते, असा बचाव मऊ हातमोज्यांचे पुरस्कर्ते करतात, आणि त्यात तथ्य आहे. खरा पेला, खरा कंगवा, खरे दाराचे हँडल हाताळत सराव करता येणे हा हातमोज्याचा मोठा लाभ आहे. मात्र रॅटल्सने पुनरावृत्तींच्या नुसत्या संख्येवरचा भरवसा हलवला, आणि हा धडा हातमोज्यालाही लागू होतो.

हार्वर्डच्या हातमोज्याने पुढे जी दिशा धरली, ती या पार्श्वभूमीवर समजून घेता येते. त्या कामातून इमॅगो रीहॅब ही कंपनी निघाली आणि तिने पक्षाघाताच्या रुग्णाला केंद्रस्थानी ठेवले: हातमोजा रुग्णाच्या घरी, थेरपिस्ट पडद्यावर. यंत्राइतकेच महत्त्व सोबत असलेल्या माणसाला दिले गेले, हे मला या प्रकरणातले सर्वात शहाणपणाचे वळण वाटते. उघडण्याच्या हवेमुळे रुग्णाच्या हातात वस्तू शिरते, थेरपिस्ट मनगट आणि खांदा कसा धरला आहे ते पाहतो, आणि सरावाला रोजच्या कामाची दिशा देतो. दवाखान्यात जाण्यायेण्यातला वेळ आणि सोबतीच्या माणसाची रजा वाचते, हा फायदा वेगळाच. अंगठ्याचा प्रश्न मात्र येथेही पुरता सुटलेला नाही. चार बोटे एका पातळीत वाकतात आणि उघडतात. अंगठा त्यांच्यापुढे येऊन उभा राहतो. घास घेताना किंवा चिमूट धरताना तो ज्या कोनात फिरतो, तो कोन कापडी पिशवीला नीट साधणे अवघड आहे.

राहिली घरी वापरण्याची गोष्ट, आणि तीत एक विसंगती आहे जिचा उल्लेख निबंधांत एखाद्या ओळीत येतो, पण जी रुग्णाच्या दिवसाचा बराच वेळ खाते. हातमोजा घालण्यासाठी बोटे सरळ असावी लागतात. ज्याची मूठ आवळलेली आहे त्याने मूठ उघडून देणाऱ्या हातमोज्यात हात घालायचा, तर ती मूठ आधी उघडावी लागते. थेरपिस्ट त्यासाठी मनगट पुढे झुकवतात, म्हणजे मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्यांचा ताण सैल पडून बोटे आपोआप थोडी उलगडतात. मग अंगठा तळहातातून हलकेच बाहेर काढायचा, एकेक बोट त्याच्या खोबणीत सरकवायचे आणि सगळ्यात शेवटी मनगट सरळ करून पट्टा बांधायचा. हे दोन हातांचे काम आहे. रुग्णाकडे त्यातला एकच हात असतो. म्हणून बोटांच्या बाजूने संपूर्ण उघडणारे, वरून पांघरून पट्ट्यांनी बांधायचे हातमोजे आता पुढे येत आहेत, आणि तोवर बहुतेक घरांत सरावाची वेळ ठरते ती बायको किंवा मुलगा कामावरून परतण्याच्या वेळेवर.